सगळी विमानं वेळेवर सुटली

३ मार्च, सोमवार

मुलीचं लग्न ठरलं. तिकडेच, तिच्या शहरात, विवाह नोंदणी कार्यालयात, मोजक्या माणसांत. पंधरा मे, गुरुवार, दुपारी तीन. फोन आधी बायकोकडे होता, आतल्या खोलीत, दार लावून. मग मला मिळाला. मुलगी म्हणाली, बाबा, मला भेट नको, वस्तू नको, साक्षीदार म्हणून फक्त तुमची सही हवी. मी म्हटलं, एवढंच ना, सह्या तर मी दिवसभर करत असतो. ती म्हणाली, ही इथे येऊन करायची आहे. तिच्या आवाजात काळजी होती. कशाची ते कळलं नाही.

थेट विमान नाही. म्हणजे मध्ये थांबा आला. थांबा आला म्हणजे विषय माझा. शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात माझी उभी हयात गेली. कुठली गाडी कधी कुठे असायला हवी हे मी ठरवतो. ती तिथे नसते, हा चालकांचा प्रश्न.

प्रवासाची सगळी जबाबदारी मी घेतली. बायको काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात घेऊन टाकली.

५ मार्च, बुधवार

अभ्यासाला सुरुवात. कंपन्यांची नावं लक्षात ठेवायची नाहीत, विमानाच्या शेपटीचा रंग लक्षात ठेवायचा, अशी पद्धत बसवली. आजपावेतो लाल, निळी आणि हिरवी शेपटी. विमानतळांचंही तसंच. एक काचेचा, एक गालिच्याचा, आणि ज्याच्या मधोमध झाडं लावली आहेत तो बागेचा. यांपैकी एकाही ठिकाणी मी गेलेलो नाही. त्यामुळे मत निःपक्षपाती राहतं.

संध्याकाळी मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. पंप विकतो आणि त्या निमित्ताने सारखा विमानात असतो. म्हणाला, भावजी, कशाला डोकं शिणवताय, एक थांबा, एकच तिकीट, डोळे मिटून काढा. थांबा किती वेळाचा, मी विचारलं. दोन-अडीच तास, हातपाय मोकळे करतोय तोवर पुढचं विमान लागतं, असं उत्तर. मी नुसता हसलो. पहिलंच विमान तीन तास उशिरा आलं तर काय मोकळं करणार हा? तसं विचारलं, तर म्हणाला, मग कंपनी पुढच्या विमानात बसवते आणि आपण बसतो.

हा माणूस विमानात चढल्या चढल्या झोपतो आणि स्वतःला अनुभवी समजतो.

९ मार्च, रविवार

आज मूळ सिद्धांत पक्का केला. वेळापत्रक ही इच्छा असते, वस्तुस्थिती नसते. हे मला कळतं, कारण मी ते स्वतः लिहितो. तेव्हा खरा प्रवासी विमान निवडत नाही, दोन विमानांमधला मोकळा वेळ निवडतो. मोकळा वेळ जितका जास्त तितका माणूस सुरक्षित.

आकाशातली विमानं दाखवणारं ॲप फोनवर घेतलं. एका लाल शेपटीवर दिवसभर नजर ठेवली. समुद्र ओलांडून वेळेवर उतरलं. संशयास्पद वाटलं.

मध्येच बायको म्हणाली, बाथरूमचा दिवा गेलाय. मी म्हटलं, थांब, विमान उतरतंय. ती म्हणाली, तुम्ही उतरवताय का?

१० मार्च, सोमवार

दिवा बायकोने बदलला.

१८ मार्च, मंगळवार

तौलनिक तक्ता आकाराला येतोय. गुडघ्यांना जागा, उशिराचा इतिहास, पाण्याचे नळ, आणि बाकांना मध्ये हात आहेत की नाहीत. हात असले की आडवं होता येत नाही. ही साधी गोष्ट कंपन्या जाहिरातीत सांगत नाहीत. बागेचा विमानतळ पहिला येत होता, पण तिथे धुकं पडतं असं एका प्रवाशाने लिहिलंय. कधी पडतं ते लिहिलेलं नाही. म्हणजे केव्हाही पडू शकतं. गुण कापले.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, नवीन वेळापत्रक कुठवर आलंय. म्हटलं, अभ्यास चालू आहे. खोटं बोललो नाही.

२३ मार्च, रविवार

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई जिन्यात भेटल्या. मुलाकडे जाऊन आल्या, माझ्या सल्ल्याने. त्या बिचाऱ्या अडीच तासांचा थांबा घेणार होत्या, मी चौदा तासांचा घ्यायला लावला. विचारलं, कसा झाला प्रवास. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर निघून गेल्या. परतून महिना होत आला तरी झोपेचं गणित बसलेलं दिसत नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्या बोलण्याची फी घेतात, तुमच्यावर फुकट कशाला खर्च करतील.

३१ मार्च, सोमवार

बायकोचा निर्वाणीचा इशारा. रविवारपर्यंत तिकिटं हातात पाहिजेत. ती तपासणी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते. तिथे समोरच्याला गप्पांत गुंतवते आणि सुई कधी टोचली ते कळूही देत नाही. घरी गप्पांची पायरी गाळते.

६ एप्रिल, रविवार

ठरल्याप्रमाणे तिकीट काढायला बसलो. नावं भरली, जन्मतारखा भरल्या, पासपोर्टचे क्रमांक भरले. फक्त शेवटचं बटण राहिलं होतं. तेवढ्यात फोनवर दिसलं की आजची हिरवी शेपटी चाळीस मिनिटं उशिरा सुटली. बोट मागे घेतलं. वाचलो.

बायको पाठीमागे उभी होती, हे नंतर कळलं. म्हणाली, आपल्या लग्नात नवरदेव दीड तास उशिरा आला होता, तरी मी थांबले ना? मी म्हटलं, तो दोष बसचा होता. ती म्हणाली, बस कुणी निवडली होती? मार्ग मी निवडला होता, हे मी नाकारत नाही. पण बस काही माझी नव्हती.

जुन्या गोष्टी उकरून काढण्याची ही सवय लग्नाच्या दिवसापासूनची आहे. दीड तास उशिरापासूनची म्हणायला हरकत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

बायकोने तिकीट काढलं. एकटीचं. जेवणाच्या सुट्टीत मेव्हण्याच्या ओळखीच्या ट्रॅव्हल एजंट बाईंना फोन केला आणि डबा संपायच्या आत काम झालं. पाच मे, लाल शेपटी, एक थांबा, अडीच तास. डोळे मिटून.

माझं काय, मी विचारलं. म्हणाली, तुमचं तुम्ही काढा, एवढा अभ्यास वाया जायला नको. माझ्या कामाची तिने केलेली ही पहिली कदर.

स्पर्धा वगैरे काही नाही. पण कुणाचा प्रवास सरस ठरतो ते दिसेलच.

१३ एप्रिल, रविवार

लग्नासाठी मुलीने नातेवाईकांचा ग्रुप केलाय. मला घेतलेलं नाही. बायको म्हणाली, तुमच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. समजूतदार आहे पोरगी. बायकोचा फोन दर दोन मिनिटांनी वाजतो. ती वाचते, हसते आणि उलटा ठेवते. काय चाललंय, विचारलं. म्हणाली, फुलांचं.

फुलांमध्ये इतकं हसण्यासारखं काय असतं कळत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

काढलं तिकीट. आमच्या खात्याच्या इतिहासातही इतकं निर्दोष नियोजन झालेलं नसेल.

दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी तिकिटं. एकाच कंपनीच्या हातात दोन्ही पाय द्यायचे नाहीत. बारा मे, सोमवार, सकाळी निळ्या शेपटीने निघायचं. दुपारी गालिच्याच्या विमानतळावर उतरायचं. पुढचं विमान लाल शेपटीचं, तेरा मे, रात्री बारा वाजून वीस मिनिटं. मध्ये जवळपास दीड दिवस राखीव. पहिलं विमान आख्खा दिवस उशिरा आलं तरी मी गेटवर हजर. चौदाला सकाळी मुलीच्या दारात, पंधराला सही.

एजंट बाईंना फोन करून नुसतं ऐकवलं, त्यांच्याही ज्ञानात भर पडावी म्हणून. त्या म्हणाल्या, काका, बारा-वीसचं विमान आहे, तारीख तेवढी नीट बघा हं, भले भले तिथे गोंधळतात. मी म्हटलं, बाई, बारा-वीसच्या गाड्या लिहूनच मी मोठा झालो. आमच्या डेपोत दिवस पहाटेच्या पहिल्या गाडीला सुरू होतो आणि शेवटची गाडी आत आली की संपतो. मध्यरात्र उलटून गेलेली गाडीसुद्धा आदल्या दिवसाच्याच कागदावर असते. तेव्हा तेराची बारा-वीस म्हणजे तेरा तारखेचा दिवस मावळल्यावरची. त्या म्हणाल्या, अहो पण काका, विमानाचं तसं... मी फोन ठेवला. अर्धवट माहितीवर धंदे चालतात लोकांचे.

२४ एप्रिल, गुरुवार

रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, मुलीचं लग्न आहे, जरूर जा, आणि हो, पोहोचाल अशा बेताने जा. ऑफिसात हशा झाला. हसणाऱ्यांपैकी एकाने तरी बागेच्या विमानतळाचं नाव ऐकलं असेल का, शंका आहे.

२७ एप्रिल, रविवार

राखीव वेळ बाकावर काढायचा, तर शरीराला सवय हवी. दुपारी जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या जोडून झोपलो. मधली सरकली. बायको आवाज ऐकून आली, बघितलं, सरकलेली खुर्ची उचलून टेबलाशी लावली आणि गेली. मी खालीच होतो.

संध्याकाळी कमरेला मलम. विमानतळावरचे बाक जमिनीला पक्के ठोकलेले असतात. तक्त्यात त्यांचे गुण वाढवले.

४ मे, रविवार

बायकोचं सामान भरून झालं. माझा लग्नात घालायचा कोट तिने स्वतःच्या बॅगेत ठेवला. बुटांनाही पॉलिश करून कोंबलं. मी म्हटलं, माझ्या बॅगेत मावेल की. ती म्हणाली, कोट तरी वेळेवर पोहोचू दे.

मी मनाला लावून घेतलं नाही. तिला निघायच्या आधी नेहमी टेन्शन येतं.

६ मे, मंगळवार

पोहोचली. दहा मिनिटं आधी. काचेच्या विमानतळावर चहा प्यायली, हातपाय मोकळे केले, पुढच्या विमानात जाऊन बसली. एवढंच सांगितलं. मी विचारलं, तिथे पाण्याचे नळ किती होते? तिने फोन मुलीकडे दिला.

नशीब जोरावर असलं की माणूस अभ्यासाशिवायही पोहोचतो. त्याला पद्धत म्हणत नाहीत.

१२ मे, सोमवार. संध्याकाळ

गालिच्याच्या विमानतळावर. निळी शेपटी वेळेवर सुटली, वेळेवर उतरली. राखीव वेळ सगळाच्या सगळा हातात आला. आता काय बिशाद आहे कुणाची.

गालिचा खरोखर आहे. शेवाळी रंगाचा, जाड. चाकांची बॅग त्यावरून ओढताना आपण कुणाला तरी त्याच्या मनाविरुद्ध नेतोय असं वाटतं. हा मुद्दा एकाही प्रवाशाने लिहिलेला नव्हता. बाकांना मध्ये हात नाहीत. खिडकीजवळचा एक लांब बाक ताब्यात घेतला. उशाला बॅग, कानात कापसाचे बोळे.

आजूबाजूचे लोक पळतायत. दोन तासांचे थांबे घेतलेले. दया आली.

१३ मे, मंगळवार. सकाळ

झोप उत्तम. मध्ये एकदा जाग आली तेव्हा समोरच्या गेटवरून लाल शेपटीचं आमच्याच मार्गाचं विमान सुटत होतं. मुद्दाम घड्याळ पाहिलं. मिनिटाचा उशीर नाही. कुणीतरी प्रवासी यायचा राहिला असावा. एक कर्मचारी हातात कागद घेऊन बाकाबाकांमधून धावत होता, वरून घोषणाही चालू असाव्यात. माझ्या कानात कापूस होता आणि तोंडावर टोपी. असली बेजबाबदार माणसं विमानाने प्रवास करतातच कशाला?

आज रात्री माझी पाळी. दाढी केली.

१३ मे. दुपार

लाल शेपटीच्या काउंटरवर गेलो. कडेची सीट मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी बोर्डिंग पास घेतला, पडद्यावर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्यावर पाहिलं. म्हणाल्या, तुमचं विमान गेलं. मी म्हटलं, आज रात्री आहे. त्या म्हणाल्या, काल रात्री होतं, रात्री बारा वाजता तेरा तारीख लागते. मी त्यांना आमच्या डेपोची पद्धत समजावून सांगितली. पहिली गाडी, शेवटची गाडी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मागच्या रांगेनेही ऐकलं. मग त्या म्हणाल्या, आम्ही काल तुमच्या नावाने बराच वेळ घोषणा केल्या, माणूसही पाठवला होता.

बाकावर येऊन बसलो. कापूस फेकून दिला.

१३ मे. थोड्या वेळाने

आजचं विमान भरलेलं. उद्याचं भरलेलं. सुट्ट्यांचे दिवस आहेत म्हणे. सगळी काउंटरं पालथी घातली. शेवटी हिरव्या शेपटीत एक जागा मिळाली. पंधराला संध्याकाळी सुटणार, सोळाला सकाळी पोहोचणार.

लग्न पंधराला आहे.

पुन्हा एकदा सगळ्या काउंटरांवर जाऊन आलो. या वेळी मला लांबून पाहूनच त्यांनी माना हलवल्या.

१३ मे. संध्याकाळ

बायकोला फोन केला. विमान कंपनीच्या आणि माझ्या वेळापत्रकात तफावत आली, असं सांगितलं. ती म्हणाली, चुकलं का विमान? मी म्हटलं, चुकलं नाही, ते आधी गेलं. सोळाला पोहोचतोय हेही सांगून टाकलं आणि फोन कानापासून थोडा लांब धरला. काहीच आलं नाही. मग ती म्हणाली, बरं. काही खाल्लंत का? मी म्हटलं, अगं, लग्न पंधराला आहे. ती म्हणाली, हो ना, आता काय करणार, सावकाश या.

इतक्या वर्षांच्या संसारात बायको मला सावकाश या असं कधी म्हणालेली नाही. माणूस हातचा गेला की लोक असं गोड बोलतात.

मागून मुलीच्या हसण्यासारखा आवाज आला. रडत असणार.

१४ मे, बुधवार

बाक तोच. झाडणाऱ्या बाई आता पाय वर घ्या म्हणत नाहीत, मीच घेतो.

१५ मे, गुरुवार

त्यांचे दुपारचे तीन म्हणजे इथले संध्याकाळचे पाच. साडेचारलाच तोंड धुऊन आलो. शर्ट बदलला. कोट तिकडे आहे. तो पोहोचला.

पाच वाजले तेव्हा उभा राहिलो. कशासाठी ते मलाही नीट सांगता आलं नसतं. शेजारच्या बाईंना वाटलं मी जागा सोडली. त्यांनी तिथे आपली पिशवी ठेवली. सहीसाठी नवीन पेन घेतलं होतं, ते कोटात न ठेवता स्वतःजवळ ठेवलं होतं. टोपण काढलं. परत लावलं.

माझ्या जागी मेव्हणा उभा राहिला असेल. तो वेळेवर असतो. झोपलेला असतो, पण वेळेवर असतो.

मुलगी शाळेत असताना मी तिला सोडायला जायचो. रोज आमच्याच बसने. रोज तिची प्रार्थना बुडायची. एकदा तिने विचारलं होतं, बाबा, तुम्हीच वेळ लिहिता ना, मग आपण उशिरा का पोहोचतो? मी तिला वाहतुकीचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या मुलीबरोबर चालत जायला लागली. हे इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं.

तक्ता उघडून पाहिला. निळी वेळेवर, लाल वेळेवर. एकही विमान एक मिनिटसुद्धा मागे नाही. मग उशीर आला कुठून, त्याला रकाना केलेला नाही.

हिरवी शेपटी गेटला लागली. वेळेवर.

१६ मे, शुक्रवार

विमानात माफीचं भाषण पाठ केलं. तीन भाग होते. पहिल्या भागात विमान कंपनीचा दोष, दुसऱ्यात तारखा मोजण्याच्या पद्धतींमधला फरक, तिसऱ्यात माझं चुकलं. मुलीच्या दाराशी येईपर्यंत तिसराच लक्षात राहिला होता.

दार जावयांनी उघडलं. तोंडात टूथब्रश, अंगावर बनियन. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही माणूस इतका साधा राहिलाय हे पाहून भरून आलं. मी म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी ब्रश काढला आणि म्हणाले, बाबा, आधी आत तर या.

आत बायको टेबलावर माझ्या कोटाला इस्त्री करत होती. मी म्हटलं, आता काय उपयोग त्याचा. ती म्हणाली, उद्या घालायला नको का?

मुलगी ओले केस पुसत आली. म्हणाली, बाबा, बसा खाली. लग्न उद्या आहे. शनिवारी. पहिल्यापासून शनिवारीच होतं. मी आईला म्हटलं, बाबांना एक दिवस अलीकडची तारीख सांगू या का? आई म्हणाली, एकाने काय होतंय, दोन दिवस अलीकडची सांग.

बायकोने इस्त्री थांबवलीसुद्धा नाही. म्हणाली, दीड तासाचा अनुभव गाठीला होता, त्यात वयाप्रमाणे वाढ धरली.

सगळ्यांना माहीत होतं. मेव्हण्याला, व्याह्यांना, त्या एजंट बाईंना, आमच्या साहेबांनासुद्धा. ग्रुपचं नावच ‘शनिवार सतरा’. मी म्हटलं, अगं, मी तीन दिवस त्या बाकावर काढले, तेव्हा तरी सांगायचंत. मुलगी म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही ते विमान सोडून आणखी चांगला मार्ग शोधत बसला असतात.

मी तक्ता उघडला. परत बंद केला.

दुपारी आंघोळ करून शांतपणे विचार केला. लग्न सतराला, मी सोळाला हजर. म्हणजे खरं पाहता मी एक दिवस आधीच पोहोचलोय. मेव्हणा तर माझ्यानंतर आला. प्रवास यशस्वी म्हणायला हरकत नाही. हे मेव्हण्याला ऐकवायला गेलो. तो सोफ्यावर झोपला होता.

१७ मे, शनिवार

सही केली.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, भिंती फिक्या पिवळ्या, टेबलावर काच. कारकून बाईंनी बोट ठेवून जागा दाखवली. दिवसभर सह्या करणारा हात, पण पहिल्या अक्षरानंतर पेन पुढे सरकेना. माझ्यामुळे सगळे थांबले होते. मुलगी कानाशी येऊन म्हणाली, असू दे बाबा, घाई नाही. कुणीही हसलं नाही. बायकोने माझ्या कोटाच्या खांद्यावरचं, तिथे नसलेलं काहीतरी झटकलं.

सही वेडीवाकडी आलीय. पण आहे.

कार्यालयाचं काम अर्धा तास मागे चाललं होतं. मी बोललो नाही.

२८ मे, बुधवार

उद्या निघायचं. परतीची तिकिटं मुलीने काढलीयत. दोघांना मिळून एकच तिकीट, शेजारशेजारच्या सीट. थांबा कुठे आहे, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, आहे एका ठिकाणी. जावयांना बाजूला घेऊन शेपटीचा रंग विचारला. ते म्हणाले, बाबा, उद्या दिसेलच की. हल्लीच्या पिढीत हे असं आहे, लग्न झालं की लगेच एक होतात.

माझा पासपोर्ट बायकोच्या पर्समध्ये आहे. पर्स तिच्या उशाशी.

विमान दुपारी दोनला आहे, असं मला सांगण्यात आलंय. खरी वेळ बायकोला माहीत आहे.